डेट्रॉइटचा शिमगा

दिवाळीच्या अंकात शिमग्याची गोष्ट काढू नये, असा निषेध आमच्या घरातच नोंदवला गेला आहे. "फराळाचं लिहा, किल्ल्यांचं लिहा, नाहीतर मागे लिहिलं होतंत तसं त्या आकाशकंदिलाचं लिहा," असे सौ.ने सुचवून पाहिले. पण या पानावर मी दरसाल मनात घोळत असेल तेच लिहीत आलो आहे, आणि सध्या माझ्या मनात एक जुनी रात्र घोळते आहे. तारीख ३ मार्च २०१६. स्थळ, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले एडिसन गाव. माझ्या लेकीचा दिवाणखाना.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना या दिवाणखान्याचे वर्णन करून सांगायला नको. बाहेर थंडी मी म्हणत असते. रस्त्यावर मोटारी दिसतात, माणूस दिसत नाही. लेक-जावई सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात. अशा वेळी आमच्यासारख्या सहा महिन्यांच्या पाहुण्यांना टेलिव्हिजन हाच काय तो शेजारी. त्यातून ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे. माझी तर चंगळच होती. मी बत्तीस वर्षे पुण्यातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. या विषयाला वेळापत्रकात नेहमी शेवटचा तास, म्हणजे मुलांचे कान घंटेकडे आणि हात दप्तराकडे. तशा वर्गातही एक गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगत असे. १८५८ साली इलिनॉय राज्यात लिंकन आणि डग्लस यांच्यात सात वादसभा झाल्या. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पुन्हा पहिल्याने अर्धा तास. तीन तास लोक ऐकत. मुख्य विषय एकच, गुलामगिरी. "आणि तुम्हांला पाऊण तास बसवत नाही!" असे मी म्हटले की वर्ग हसे, आणि घंटा होई.

आता खोटे कशाला बोला, त्या काळीही सगळे सोवळ्यात नव्हते. डग्लससाहेबांचे काळ्या माणसांविषयीचे उद्गार मी वर्गात कधी वाचून दाखवले नाहीत. त्याही आधी, १८०० सालच्या निवडणुकीच्या वेळी, जेफर्सनच्या बाजूच्या एका पत्रकबाजाने जॉन अ‍ॅडम्स हा धड पुरुषही नव्हे आणि धड स्त्रीही नव्हे, अशा अर्थाचे छापले होते. पण ते पत्रकबाजाने छापले. खुद्द उमेदवार तोंड मिटून आपापल्या घरी बसत, कारण स्वतः मते मागत फिरणे हेच मुळी त्यांना कमीपणाचे वाटे. चिखल तेव्हाही होता, फक्त तो कालवायला माणूस वेगळा ठेवलेला असे.

तर त्या गुरुवारी रात्री नऊला मी नऊ वर्षांच्या नातवाला शेजारी बसवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याची शाळा होती, म्हणून लेक कुरकुरत होती. "अगं, शाळेत हे मिळायचं नाही. बघू दे लोकशाही म्हणजे काय ते," असे मी तिला ऐकवल्याचे मला चांगले आठवते. ती वाक्ये माणसाला फार चांगली आठवतात.

कार्यक्रम होता रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांच्या वादसभेचा. तिकडे पक्षाचे तिकीट बंद दाराआड ठरत नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार राज्याराज्यांतून मते टाकून ठरवतात. २०१६ साली फेब्रुवारीत आयोवात सुरुवात झाली, जूनपर्यंत हा फेरा चालला आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात नाव जाहीर झाले. याला म्हणतात प्रायमरी. पूर्वी तिकडेही पुढारी मंडळीच ठरवीत. १९६८ साली शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात आत गोंधळ आणि बाहेर डोकी फुटणे असे दोन्ही झाले, तेव्हा नियम बदलले, आणि १९७२ पासून मतदारांचा कौल खऱ्या अर्थाने निर्णायक ठरू लागला. तिकीटवाटपाच्या दिवशी आपल्याकडे पुढाऱ्यांच्या बंगल्यांबाहेर उडणारी झुंबड ज्याने पाहिली आहे, त्याला या सुधारणेचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. मलाही वाटे. तिच्यातली खोच मात्र मला त्या रात्रीपर्यंत दिसली नव्हती. एका पक्षाची माणसे; करांबद्दल, बंदुकांबद्दल, देवाधर्माबद्दल त्यांचे बोलणे थोडेफार एकच. मग मतदाराने याच्याऐवजी त्याला का निवडावे? मुद्दे संपले की माणूस उरतो. भाऊबंदकीत शेताच्या वाटण्या समजुतीने होतात आणि पाट्यावरवंट्यावरून डोकी फुटतात, तशातलीच ही गत.

त्या वर्षी रिपब्लिकनांकडून तब्बल १७ जण उतरले होते. मार्चपर्यंत मंचावर चार उरले: डोनाल्ड ट्रम्प, टेक्ससचे सेनेटर टेड क्रूझ, फ्लॉरिडाचे सेनेटर मार्को रुबिओ आणि ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक. सभा डेट्रॉइटच्या फॉक्स थिएटरात. चारच दिवसांपूर्वी व्हर्जिनियातल्या एका सभेत रुबिओंनी ट्रम्प यांच्या हातांच्या आकारावर विनोद केला होता, आणि लहान हातांच्या पुरुषांविषयी लोक काय म्हणतात, असे सूचक बोलून टाळ्या घेतल्या होत्या. ट्रम्प त्यांना आधीपासूनच 'लिटल मार्को' म्हणू लागले होते. आमच्या भाषेत 'छोटू'. डेट्रॉइटला ट्रम्प यांनी भर सभेत दोन्ही हात वर करून दाखवले, आणि हातांतच काय, इतरही कशात काही उणे नाही अशी देशाला ग्वाही दिली. ग्वाही नेमकी कशाची, हे या अंकात लिहिता येत नाही. जावयाला एकदम तहान लागली आणि तो स्वयंपाकघरात गेला. नातवाने मला विचारले, "आजोबा, तो काय म्हणाला?" मी म्हणालो, "हातांबद्दल बोलतोय." तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते.

पुढे तर ताशेच वाजू लागले. 'लिटल मार्को', 'लाइंग टेड', उलट बाजूने 'बिग डोनाल्ड'. एक बोलतोय तोवर दुसरा, दुसरा बोलतोय तोवर तिसरा. क्रूझ ट्रम्पना म्हणाले, जरा श्वास घ्या, श्वास घ्या. त्यावर रुबिओ म्हणाले, यांचा योगाभ्यास आटोपला असेल तर मी उत्तर देऊ का? क्रूझ म्हणाले, या मंचावर योगासने पाहायची वेळ न येवो. रुबिओ म्हणाले, सांगता येत नाही, गृहस्थ बराच लवचिक आहे. सभागृह हसले. आणि मीही हसलो. साधे नव्हे, मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईतो हसलो. नातू आधी माझ्याकडे पाहत राहिला, आणि आजोबा हसतात म्हटल्यावर तोही हसू लागला.

या गदारोळात एक प्रश्न येऊन गेला. त्याच मिशिगन राज्यात, डेट्रॉइटपासून शंभरेक किलोमीटरवर फ्लिंट नावाचे लाखभर वस्तीचे शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथला पाणीपुरवठा डेट्रॉइटच्या नळावरून फ्लिंट नदीवर नेला होता. ते पाणी नळाच्या जुन्या वाहिन्यांना झिजवणारे निघाले, त्यावर जी प्रक्रिया करायला हवी होती ती कुणी केली नाही, आणि वाहिन्यांतले शिसे घराघरांतल्या पेल्यांत उतरले. आया गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होत्या आणि अधिकारी पाणी ठीक असल्याचे सांगत होते. लहान मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिल्यावर, ऑक्टोबर २०१५ मध्ये, पुन्हा जुने पाणी सुरू झाले. याबद्दलचा प्रश्न रुबिओंकडे आला. त्यांनी उत्तर दिले, आणि गाडी पुढे गेली. आमच्याकडे कुणी मान वर केली नाही, फक्त सौ. विणकाम थांबवून म्हणाली, "अहो, त्या मुलांच्या पाण्याचं काय झालं पुढे?" मी म्हणालो, "थांब गं, आता मजा येतेय."

न्यायाने सांगायचे तर तीनच दिवसांनी, ६ मार्चला, डेमोक्रॅटिक पक्षाने आपली वादसभा खुद्द फ्लिंटमध्ये घेतली, आणि हिलरी क्लिंटन व बर्नी सँडर्स तिथे पाण्यावरच बरेच बोलले. मी तीही पाहिली, आणि अर्ध्यावर मला डुलकी लागली.

आठवड्याभराने नातवाच्या बाईंचे पत्र आले. पत्र म्हणजे लेकीच्या संगणकावर. आमच्या चिरंजिवांनी वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या नावामागे 'लिटल' हे बिरूद लावले होते, आणि ते वर्गाला इतके पसंत पडले होते की दोन दिवसांत खेळाच्या मैदानावर तेच त्याचे नाव झाले होते. तो मुलगा शाळेत यायला नाही म्हणत होता. लेकीने पोराला समोर उभे केले. "कुणी शिकवलं तुला हे?" तो रडकुंडीला आला. "टीव्हीवर म्हणतात ना सगळे. आजोबापण हसले." लेक माझ्याकडे वळली नाही. ती वळली असती तर बरे झाले असते.

योगायोग असा की त्याच सुमारास, ९ मार्चला, रुबिओंनी टेलिव्हिजनवर कबुली दिली. त्या हातांच्या विनोदाने माझ्या मुलांना लाज वाटली, पुन्हा संधी मिळाली तर मी तसे करणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. आपण ट्रम्पची खाजगीत माफी मागितली होती, असेही पुढे मे महिन्यात त्यांनी सांगितले. लेकीने ती ९ मार्चची मुलाखत पोराला मुद्दाम दाखवली. मीही पाहिली, पण या वेळी जरा मागच्या खुर्चीवर बसून. सहाच दिवसांनी रुबिओ आपल्याच राज्यात हरले आणि शर्यतीतून बाहेर पडले. लाज वाटणाऱ्याचा हा असा हिशेब झाला.

मग आला खरा शिमगा, पंचांगातला. ऐन त्या आठवड्यात प्रकरण बायकांवर गेले. ट्रम्पविरोधी एका गटाने त्यांच्या पत्नीचे जुने मासिकातले छायाचित्र जाहिरातीत वापरले. तो गट क्रूझ यांचा नव्हता. तरी ट्रम्प यांनी क्रूझ यांच्या पत्नीचा कुरूप आणि आपल्या पत्नीचा देखणा असे दोन फोटो शेजारी लावलेले चित्र लोकांपुढे टाकले. ती चूक होती, असे त्यांनी नंतर एका स्तंभलेखिकेजवळ मान्य केले. पण ३ मे रोजी, इंडियानातल्या मतदानाच्या दिवशीच, एका भडक साप्ताहिकाचा हवाला देऊन क्रूझ यांच्या वडिलांचे नाव त्यांनी केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडले. त्याला कसलाही पुरावा नव्हता. क्रूझ संतापाने जे बोलायचे ते बोलले, आणि त्याच संध्याकाळी हरून घरी गेले.

कोकणात आमच्या लहानपणी शिमग्याला पोरे सावकाराच्या दारापुढे उभी राहून बोंब मारीत. सावकाराचा बाप निघे, आजा निघे. सावकार आतून निमूट ऐके आणि वर नारळ देई. पण त्याला एक मर्यादा होती. धुळवड झाली, अंगावर पाणी पडले, की तोंडे धुतली जात. दुसऱ्या दिवशी तेच पोर सावकाराला 'काका' म्हणून हाक मारी. डेट्रॉइटच्या शिमग्याला पौर्णिमाच नव्हती.

सगळा दोष एका माणसाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि माझी लेक तेच करी. मला ते पुरे पटत नाही. १९८० साली थोरले जॉर्ज बुश रेगनविरुद्ध प्रायमरीत उभे होते. त्यांनी रेगन यांच्या अर्थनीतीला 'वूडू' म्हटले, म्हणजे चेटूक, करणी. झोंबणारा शब्द. पण तो नीतीला होता. (त्याच उन्हाळ्यात बुशसाहेब त्या चेटक्याचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, हा भाग निराळा.) १९८४ साली गॅरी हार्ट नव्या विचारांच्या गोष्टी सांगत फिरत होते. त्यांना वॉल्टर माँडेल यांनी एका जाहिरातीतले वाक्य ऐकवले. हॅम्बर्गरच्या त्या जाहिरातीत एक म्हातारी भल्या मोठ्या पावातला इवलासा तुकडा पाहून विचारते की मांस कुठे आहे? आमच्या घरी ते वाक्य उच्चारायची चोरी, पण ते होते मात्र नेमके. तुमच्या या विचारात सार काय ते दाखवा, असाच त्याचा अर्थ. शिवीतही विषय होता.

तो निसटू लागला केव्हा? मला २००० सालचे साउथ कॅरोलिना आठवते. धाकट्या बुशांना न्यू हॅम्पशायरमध्ये चांगलेच हरवून जॉन मकेन तिथे आले, आणि मतदारांना निनावी दूरध्वनी जाऊ लागले, पत्रके वाटली जाऊ लागली की मकेन यांना एका काळ्या बाईपासून झालेली मुलगी आहे. खरी हकीकत अशी की मकेन यांच्या पत्नीने १९९१ मध्ये ढाक्याच्या, मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून एक आजारी बाळ घरी आणले होते आणि नवराबायकोने ते दत्तक घेतले होते. बंगालची सावळी पोर, तेव्हा आठ वर्षांची. प्रचारात ती आईबापांबरोबर दिसे, आणि लोकांना तिच्याकडे बोट दाखवायला तेवढे पुरले. बुश यांच्या माणसांनी यात आपला हात नसल्याचे सांगितले. मकेन तिथे हरले, आणि मे महिन्यात त्यांनी बुशना पाठिंबा जाहीर केला. त्या दिवशी ते मुलीला काय म्हणाले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डेमोक्रॅटही यात मागे नव्हते. १६ एप्रिल २००८ ला फिलाडेल्फियात ओबामा आणि हिलरी क्लिंटन समोरासमोर आले, तर जवळजवळ पहिला पाऊण तास ओबामा कोटावर झेंड्याची टाचणी का लावत नाहीत, त्यांचे पाद्री काय बोलले, असल्या उखाळ्यापाखाळ्यांत गेला. आणि ते प्रश्न नामांकित पत्रकारांनीच पुढे आणले होते. इराकमध्ये युद्ध चालू होते, घरे लिलावात निघत होती, आणि मंचावर टाचणीची चौकशी.

एवढे सगळे पाहून-सवरूनही २०२३ साली मी पुन्हा आशेने बसलो. तारीख ८ नोव्हेंबर; आपल्याकडे ९ तारखेची सकाळ, वसुबारस. दारात रांगोळी पडायची होती आणि मी चहा घेऊन मोबाइलपुढे. सभा मायामीला. मंचावरच्या पाचांपैकी दोघे आपले. एक निक्की हेली, पंजाबातून गेलेल्या शीख आईबापांची लेक, साउथ कॅरोलिनाच्या माजी गव्हर्नर. दुसरे विवेक रामस्वामी, केरळातून गेलेल्या कुटुंबातले. आमच्या बागेतल्या फिरणाऱ्या मंडळींत केवढा अभिमान! एक निवृत्त बँकर तर म्हणाले, "भांडू देत, कुणीही जिंकला तरी आपलाच." आणि भांडले ते कशावरून? टिकटॉकवरून. हेलीबाईंनी आपली त्यावरून थट्टा केली होती, हे सांगून रामस्वामी म्हणाले की त्यांची स्वतःची मुलगीच ते वापरत होती, आधी घरच्यांकडे बघा. बाई म्हणाल्या, माझ्या मुलीचे नाव तोंडातून काढू नका. आणि खालच्या आवाजात एक शब्द, ज्याला मराठीत 'गाळ' म्हणता येईल. सौ. रांगोळीचा डबा घेऊन मागे उभी होती. "हे आपले का?" तिने विचारले. मी मोबाइल पालथा ठेवला.

याच हेलीबाईंचे पती पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सैनिकी सेवेवर आफ्रिकेत असताना, त्यांच्याच राज्यातल्या सभेत ट्रम्प यांनी विचारले, हिचा नवरा कुठे आहे? बाई चिडल्या, बोलल्या, लढल्या, हरल्या. जुलैत मिलवॉकीच्या अधिवेशनात त्यांनी ट्रम्पना भक्कम पाठिंबा दिला. क्रूझ यांनी तो सप्टेंबर २०१६ मध्येच दिला होता. बायकोवर आणि बापावर हल्ला करणाऱ्याला पाठिंबा द्यायची आपली सवय नाही, असे जुलैत बजावून झाल्यावर. आणि 'लिटल मार्को' जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री झाले. सेनेटमध्ये ९९ विरुद्ध शून्य मतांनी त्यांच्या नावाला मान्यता मिळाली. यात मला राग कशाचा येतो, हे मी स्वतःलाच पुष्कळदा विचारले. मिटवून घेतले याचा नव्हे. राजकारणात मिटवावेच लागते. पण ते शब्द खरे होते तर मग मिठी कशी मारवली, आणि खोटे होते तर भर सभेत, बायकामुलांसमक्ष, उच्चारले कशाला? आमच्या शेतावरच्या गड्याची जीभ एकदा माझ्या आजीपुढे घसरली होती. तो आठ दिवस ओसरीवर आला नाही. इथे कुणाला आठ तासही उंबऱ्याबाहेर बसावे लागले नाही.

फ्लिंटच्या नळांचे काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. त्याच्या बातम्या मी वाचत असे, पण त्या आतल्या पानांवर असत. हातांचा विनोद मात्र मी तुम्हांला आज, इतक्या वर्षांनी, न चुकता सांगितला.

नातू २०२५ साली अठरा वर्षांचा झाला. गणपतीत त्याचा फोन आला तेव्हा मतदार म्हणून नाव नोंदवल्याचे त्याने अभिमानाने सांगितले. पुढची अध्यक्षीय प्रायमरी २०२८ ची, तेव्हा तो पहिल्यांदा मत देईल. मी त्याला लिंकन-डग्लस वाचायला सांगितले, तो "हो आजोबा" म्हणाला. माझ्या वर्गातली मुले म्हणत तसेच. मग धीर करून मी विचारले, "अरे, तुझ्या वर्गातला तो बुटका मुलगा, त्याचं पुढे काय झालं?"

"कोण? लिटल?" तो म्हणाला. "आजोबा, तो आता सहा फूट उंच आहे. बास्केटबॉलच्या टीममध्ये होता."

"आणि अजून त्याला तेच म्हणता?"

"सगळेच म्हणतात. शिक्षकसुद्धा."

"मग तो काय म्हणतो?"

जरा वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"काही नाही," नातू म्हणाला. "हसतो."